अप्पासाहेबांच्या आधी

“पातेल्यात डाव घातलास की नाही, तेवढंच सांग मला,” द्वारकाबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“घातला, माई. डाव घातल्याशिवाय पोरांना वाढू कसं?”

“म्हणजे झालं. आता नऊ वाजता ह्यांच्यापुढे काय ठेवणार आहेस? पोरांचं उरलेलं?”

“उरलेलं कशाला? नऊला पुन्हा करते ना. कांदासुद्धा चिरून ठेवलाय.”

“तू दहा वेळा कर ग. पण आज या घरात पहिली फोडणी पडली ती कुणासाठी? पोरांसाठी. मग ह्यांचं ताट दुसरं झालं. बिलकुल साफ गोष्ट आहे.”

सात वर्षांचा लक्ष्मीकांत पाटावर बसला होता. मांडीवर बशी, बशीत वाफाळते पोहे आणि हातात भरलेला चमचा. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजीकडे.

“आई, मी खाऊ की नको खाऊ? तिकडे घंटी होऊन जाईल न.”

“खा,” भानुमती म्हणाली.

“ठेव खाली ती बशी,” द्वारकाबाई म्हणाल्या.

लक्ष्मीकांतनं चमचा परत बशीत ठेवला. अकरा वर्षांची पद्मजा दारात उभी होती. तिची एक वेणी घालून झाली होती, दुसरी स्वतःच्या हातानं घालत होती. तिनं रिबिनीची गाठ मारली, दोघांची दप्तरं उचलली आणि भावाचा हात धरून म्हणाली, “चल रे लख्या.” सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दोघं जिना उतरून गेली.

ते पातेलं द्वारकाबाईंनी खाली नेऊन गाईपुढे ओतलं. मग वर येऊन देवापुढे बसल्या आणि पोरं उपाशी गेली म्हणून बारा वाजेपर्यंत पाण्याचा घोटही घेतला नाही. भानुमतीनं नऊ वाजता पुन्हा पोहे केले. अप्पासाहेबांनी ते खाल्ले आणि म्हणाले, “आज मीठ बेताचं पडलंय. छान.” सकाळी काय झालं ते त्यांना कुणीच सांगितलं नाही.

अप्पासाहेब बोरगावकर होळकर दरबारच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, एकतीस वर्षं कामाला होते. ते स्वयंपाक करत नसत. त्यांचं काम ताटांचा क्रम लावण्याचं. मेजवानीला कोणाचं ताट कोणाच्या आधी उचलायचं, कुठल्या सरदाराचं पान कुठल्या सरदाराच्या शेजारी मांडायचं आणि कुठल्याच्या शेजारी चुकूनही मांडायचं नाही, हे त्यांच्या डोक्यात असे. संस्थान विलीन झालं, मुदपाकखान्यातली माणसं पांगली, आणि अप्पासाहेब इंदूरच्या रामबागेतल्या भाड्याच्या तीन खोल्यांत येऊन बसले. आधी मध्यभारत झाला, मग मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. राजधानीबरोबर कचेऱ्या गेल्या आणि कचेऱ्यांबरोबर अप्पासाहेबांचा मुलगा चिंतामणही गेला. तो तिथे तीन कारकुनांबरोबर एका खोलीत राहत असे आणि महिन्यातून एकदा घरी येत असे. अप्पासाहेबांना आता मुजरा करणारं कोणी नव्हतं. राहिलं होतं ते पहिलं ताट.

बोरगावकरांच्या घरातला हा नियम जुना होता. सकाळी चुलीवरून उतरणारं पहिलं अन्न घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ताटात पडायचं. त्याच्या आधी कुणी घास घेतला तर ते अन्न उष्टं. तान्ह्याचं दूध आणि आजाऱ्याची पेज एवढंच नियमातून सुटलेलं. भानुमतीला या घरात येऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि खरं सांगायचं तर या नियमाचा तिला त्रास असा कधी झाला नव्हता. अप्पासाहेब नऊला पाटावर बसत. मुलांची शाळा साडेदहाची. आजोबांच्या मागोमाग मुलं खात आणि शाळेत जात. पण त्या वर्षी जुलैत शाळेत मुलं फार झाली आणि खोल्या होत्या तेवढ्याच राहिल्या, म्हणून शाळेनं दोन पाळ्या केल्या. शाळा मुलींची, पण खालच्या वर्गांत मुलगेही घेत. पद्मजाची आणि खालच्या वर्गातल्या लक्ष्मीकांतची पाळी सकाळची लागली. सातला फाटक बंद.

भानुमती महूची. वडील छावणीतल्या एका गोदामात कारकून होते. ती नऊ वर्षांची असताना आई गेली, आणि काकूनं घर हातात घेतलं. पाचवीत असताना काकू बाळंत झाली, तेव्हा भानुमती एका सकाळी शाळेत न जाता चहा टाकायला घरी राहिली, ती राहिलीच. पुन्हा शाळेत जा असं कुणी म्हटलं नाही, आणि जाऊ नको असंही कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून पद्मजाच्या शाळेच्या बाबतीत ती सावध असे. मोठ्या भांडणापेक्षा अशा लहान लहान सकाळींची तिला भीती वाटे. पद्मजा मॅट्रिक होईल, पुढे मास्तरीण होईल, हे तिनं मनात धरलं होतं. नवऱ्यालाही स्पष्ट बोलून दाखवलं नव्हतं.

पहिल्या दिवसाच्या प्रसंगानंतर तिनं रात्रीच्या भाताचा विचार केला.

“माई, रात्रीचा भात आहे. त्याला फोडणी देऊन देते पोरांना. भात तर कालचाच आहे. काल अप्पासाहेबांनी आधी खाल्लेला.”

द्वारकाबाईंनी विचार केला. त्या वाईट नव्हत्या. पोरांच्या पोटात काही जावं असं त्यांनाही वाटत होतंच. पण नियम त्यांनी केलेला नव्हता, त्यामुळे तो मोडायचा अधिकारही आपल्याला आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

“भात कालचा ग,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण फोडणी आजची.”

“आजी, मी आजारी पडून जाऊ का?” लक्ष्मीकांतनं विचारलं. “पेज चालते न आजारी माणसाला?”

“फटके देईन,” द्वारकाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून दुसऱ्या खोलीत गेल्या. हसायला गेल्या की रडायला, ते कळलं नाही.

मग भानुमती रात्री जास्तीच्या पोळ्या करू लागली. कालची पोळी, तीवर गूळ, थोडं तूप. महिनाभर असं चाललं. पावसाळ्यात सकाळपर्यंत पोळीला चामट वास येई. पद्मजा अर्धी खाऊन उरलेली दप्तरात ठेवी. लक्ष्मीकांतच्या पोटात दुखू लागलं. वैद्यांनी पुडी दिली आणि म्हणाले, “शिळं देऊ नका, गरम काहीतरी द्या.” भानुमतीनं मान हलवली आणि पुडी घेऊन घरी आली.

तेव्हा तिला एक तोड सुचली. ती इतकी सोपी होती की आधी का सुचली नाही याचंच तिला नवल वाटलं.

“माई, अप्पासाहेबांचं ताट पहिलं वाढायचं, एवढंच ना?”

“एवढंच.”

“मग सहाला पहिलं त्यांचंच वाढते. पाट मांडते, तांब्या ठेवते, ताट वाढून वर झाकण घालते. मग पोरांना देते. पहिलं ताट त्यांचंच झालं की नाही?”

द्वारकाबाईंनी तिच्या बोलण्यात खोट शोधली. सापडली नाही. “बघ बाई,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सहाला स्वतःच पाट मांडून दिला.

त्यानंतरचे सतरा दिवस भानुमतीचे होते. ती पाचला उठून सिगडी पेटवी. पोहे चाळून, धुऊन निथळत ठेवी, तोवर फोडणी. मोहरीबरोबर थोडी बडीशेप, इंदूरकडची रीत. हळद बेताची. मग पोहे घालून वर झाकण आणि झाकणावर पाणी, म्हणजे खाली वाफ धरते. वर शेव, लिंबू आणि चिमूटभर जिरावण मसाला. एक दिवस पोहे, एक दिवस सांजा, एक दिवस ताकात कालवलेल्या बेसनाची धिरडी, एक दिवस तिखटमिठाच्या पुऱ्या. रात्रीची पोळी कुस्करून फोडणीत परतली की लक्ष्मीकांत चाटूनपुसून खाई. प्रत्येक गोष्ट पंधरा मिनिटांत व्हायची आणि मुलांनी ती बसून खाऊन सव्वासहाला निघायचं. आधी अप्पासाहेबांच्या रिकाम्या पाटापुढे ताट पडे, त्यावर पितळेचं झाकण. मग मुलं. पद्मजाचे गाल भरले असं खालच्या शेजारणीनंही म्हटलं.

अप्पासाहेब नऊला पाटावर बसत, झाकण काढत आणि तीन तासांपूर्वीचे पोहे खात. पोहे गार झालेले असत, कडा कडक झालेल्या. त्यांना वरचे दात नव्हते. ते एकेक घास बराच वेळ तोंडात घोळवत.

अठराव्या दिवशी त्यांनी झाकण काढलं आणि ताटाला हात लावला नाही.

“सूनबाई, हे ताट केव्हा वाढलं?”

“सकाळी, अप्पासाहेब.”

“सकाळी म्हणजे?”

“सहाला.”

“सहाला आम्ही कुठे होतो?”

भानुमतीनं सासूकडे पाहिलं. “झोपला होतात.”

“म्हणजे पाटावर कुणी नव्हतं.”

“नव्हतं.”

“समोर माणूस नसताना रिकाम्या पाटापुढे पान वाढून झाकून ठेवतात, ते कुणासाठी, सूनबाई?”

द्वारकाबाईंचा हात तोंडावर गेला. पितृपक्ष आठवड्यावर आला होता. भाद्रपदात या घरात असंच पान मांडलं जाई, अप्पासाहेबांच्या वडिलांसाठी आणि आजोबांसाठी. सतरा दिवस दोघी बायकांनी मिळून एका जित्या माणसासमोर पितरांचं पान वाढलं होतं.

अप्पासाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताट दोन बोटांनी जरासं पुढे सरकवलं आणि म्हणाले, “आम्ही अजून आहोत.”

द्वारकाबाईंनी त्या दिवशी देवाला नारळ फोडला, अकरा सोमवार बोलल्या आणि दोन दिवस अंथरूण धरून पडल्या. “मला अक्कल नव्हती, पण तुला तर होती ना,” एवढंच त्या सुनेला म्हणाल्या. भानुमती त्यांचे पाय चेपत बसली. तिच्या माहेरी असं पान कधी पाहिलेलं तिला आठवत नव्हतं. असेलही. आई गेली तेव्हा ती लहान होती.

तिनं नवऱ्याला पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यात भोपाळच्या तलावाबद्दल बरंच होतं, कचेरीत पंखा नाही याबद्दल होतं, आणि शेवटी होतं, ‘वडिलांचं मन या वयात दुखवू नये. मुलंही उपाशी राहू नयेत. तू समजूतदार आहेस, काय ते बघून घे.’ भानुमतीनं पत्राची घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवली.

पितृपक्ष संपला त्या दिवशी अप्पासाहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

“पोरांच्या विद्येच्या आड आम्ही येणार नाही,” ते म्हणाले. “उद्यापासून आम्ही पाचला उठू. सहाला पाटावर बसू. आमच्यामागे पोरं खातील. मुदपाकखान्यात शिकारीच्या दिवशी पहाटे तीनला ताटं निघत. ही काय मोठी गोष्ट आहे?”

लक्ष्मीकांतनं टाळ्या वाजवल्या. द्वारकाबाईंना भरून आलं. भानुमतीनं वाकून सासऱ्यांच्या पायांना हात लावला, आणि ते तिनं मनापासून केलं.

ती आता चारला उठू लागली. आधी बंबात पाणी तापवायचं, मग सिगडी. अप्पासाहेब पाचला उठत, हे खरं. पण मुखमार्जनाला पाऊण तास लागे. मग अंघोळ, मग पूजा. पूजेत एक मंत्रही ते गाळत नसत आणि एकही लवकर म्हणत नसत. सहाला पाटावर बसायचं ठरलं होतं, ते बसत सातला वीस मिनिटं असताना. ते पहिला घास घेईपर्यंत मुलं दप्तरं पाठीला लावून दाराशी उभी. पहिला घास घेतला की भानुमती मुलांना वाढी. मग पाच मिनिटं. धिरडं तव्यावरून थेट हातात. लक्ष्मीकांतची जीभ रोज भाजे.

“फुंकून खा, बाळ,” अप्पासाहेब सांगत. “घाईनं खाणारा माणूस पंगतीत शोभत नाही. बरं, सांग पाहू, पानात मीठ आधी की लिंबू?”

“मीठ, आजोबा.”

“शाब्बास. आणि मीठ कुठे?”

“वर, मधोमध. आजोबा, मी जाऊ?”

शाळा पंधरा मिनिटांच्या वाटेवर होती. मुलं पळत जात. ऑक्टोबरात पद्मजा दोनदा फाटकाबाहेर राहिली, नोव्हेंबरात चारदा. ती घरी सांगत नसे. तिच्या वहीतल्या लाल शेऱ्यांवरून भानुमतीला कळलं.

“मला सकाळी भूकच नसते,” पद्मजा म्हणू लागली, आणि न खाता साडेसहाला निघायला बघू लागली. पण लक्ष्मीकांतला एकट्याला मागे ठेवता येत नसे. तो रस्त्यात टांगे बघत उभा राही. म्हणून ती थांबे, दारात, चपला घालून, आणि अप्पासाहेबांचा हात ताटाकडे केव्हा जातो ते बघत राही.

थंडी पडली. पहाटेच्या अंघोळीनं अप्पासाहेबांना खोकला झाला. खोकत खोकत ते पूजा करत.

“या वयाचा माणूस नातवंडांसाठी थंडीत पाचला अंघोळ करतोय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “एवढं कोण करतं सांग.”

कुणी करत नव्हतं. पूजा जरा आवरती घ्या, असं म्हणायला भानुमती दोनदा देवघराच्या दारापर्यंत गेली. एकदा ते खोकत होते. एकदा त्यांनी तिच्याकडे पाहून हसून विचारलं, “पोरं तयार आहेत ना? आम्ही आलोच.” ती परत आली.

डिसेंबरात एका दुपारी कपडे भिजवताना लक्ष्मीकांतच्या चड्डीच्या खिशात तिला कोरडे पोहे सापडले, मूठभर, आणि त्यांना चिकटलेला गुळाचा खडा. कच्चे पोहे. चुलीवर न चढलेले. कच्च्याला नियम लागत नव्हता, हे सात वर्षांच्या पोरानं स्वतःच शोधून काढलं होतं. ती हात तसाच धरून बसली. द्वारकाबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्यांनीही पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पोह्यांचा डबा वरच्या फळीवरून खालच्या कोनाड्यात आला. भानुमतीनं तो तिथे ठेवला नव्हता.

सहामाही परीक्षेच्या आठवड्यात अप्पासाहेबांना ताप होता. मंगळवारी गणिताचा पेपर. साडेसहाला ते अजून बंबाजवळ होते.

“अप्पासाहेब, आज अंघोळ नको ना. ताप आहे,” भानुमती म्हणाली.

“आज पद्मजाची परीक्षा आहे. आम्ही चुकवणार नाही,” ते म्हणाले. त्यांचे ओठ थंडीनं थरथरत होते. पोरीनं उपाशी जाऊ नये म्हणून ते उठले होते.

भानुमतीनं पद्मजाला बाजूला घेतलं. “तू जा. अशीच जा. लख्याला मी आणते.”

“तुला आजी पाठवणार आहे का? आजोबांना वाढायचं सोडून?” पद्मजा म्हणाली. तिचं खरं होतं. तापातल्या माणसाचं ताट सोडून भानुमती जिना उतरू शकली नसती.

“मग त्याला घेऊन जा. आत्ता.”

“आई, मी खाऊन जाईन. काल तिखटाच्या पुऱ्या म्हटलं होतंस,” लक्ष्मीकांत रडायला लागला. अप्पासाहेबांनी ते ऐकलं आणि आतून म्हणाले, “थांब रे बाळ, थांब. आलोच आम्ही.” आता आजोबा येतायत म्हटल्यावर मुलांना जाताही येईना. सातला पाच मिनिटं असताना ते पाटावर टेकले.

पद्मजा अर्धा तास फाटकाबाहेर उभी होती. आत घेतलं तेव्हा पाच गणितं व्हायला हवी होती. दोन गणितं सोडवून तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिनं डोकं बाकावर ठेवलं. बहनजींनी तोंडावर पाणी मारलं. बाकीचा पेपर कोरा राहिला. संध्याकाळी चपराशी चिठ्ठी घेऊन आला, की पालकांनी उद्या येऊन भेटावं. घरात येणारी चिठ्ठी आधी अप्पासाहेबांच्या हातात जाई. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि सुनेकडे दिली.

बडी बहनजी, म्हणजे शाळेची मुख्याध्यापिका, पन्नाशीची बाई होती, सरोजिनीबाई. टेबलावर हजेरीचं रजिस्टर उघडून बसली होती.

“हे बघा, बसा. तुमची मुलगी हुशार आहे, म्हणून मी बुलावलं. नाही तर सीधी नाव काढून टाकते. डिसेंबरात सहा लेट. वरून परीक्षेत चक्कर. घरून काही खाऊन येत नाही का ती?”

“करते मी... पण वेळ होत नाही,” भानुमती म्हणाली.

“अहो, पोरीला दोन घास द्यायला काय वेळ लागतो? पाच मिनिटांचं काम. मी सात माणसांचं करून येते.”

“घरात मोठी माणसं आहेत, बहनजी.”

“मोठी माणसं कुणाच्या घरात नसतात?” बहनजींनी रजिस्टर मिटलं. “सीट मी होल्ड करू शकत नाही. बाहेर मुली लाइनीत आहेत. जानेवारीपासून एकही दिवस फाटकाबाहेर राहिली तर मला नाव काढावं लागेल. नाराज होऊ नका.”

भानुमती नाराज झाली नव्हती. आपण अप्पासाहेबांचं काय सांगणार होतो, हेच तिला समजत नव्हतं. ते दुष्ट आहेत असं? पाचला उठतात असं? ताटाचं सांगितलं असतं तर ही बाई हसली असती, आणि सासऱ्यांना कुणी हसलेलं भानुमतीला चाललं नसतं.

परत येताना ती नाक्यावर थांबली. पोह्यांच्या दुकानापुढे गर्दी होती. मोठ्या पातेल्यातल्या पाण्याच्या वाफेवर पोह्यांची परात, शेजारी कढईत जिलबी. टांगेवाले, हमाल उभ्यानं पानाच्या द्रोणातून खात होते. तिनं पोह्यांकडे पाहिलं. हळद फार होती आणि पोहे नीट चाळलेले नव्हते.

“क्या दूँ, भाभीजी?”

“दुकान सुबह कब खुलता है?”

“पाँच बजे. मिल की पहली पाली वाले यहीं खाते हैं.”

“बच्चे आते हैं?”

“आते हैं ना, बस्ता लेके. दो मिनिट में खाया और भागे.”

ती त्याच्याशी आणखी दोन वाक्यं बोलली आणि घरी आली.

घरी सगळे बाहेरच्या खोलीत होते. अप्पासाहेब गळ्याभोवती मफलर गुंडाळून आरामखुर्चीत, द्वारकाबाई खाली वाती वळत, मुलं दाराजवळ. मुलांना कुणी तरी थांबवून ठेवलं असावं.

“काय म्हणाल्या बाई?” अप्पासाहेबांनी विचारलं.

“पुन्हा उशीर झाला तर नाव काढतील.”

अप्पासाहेबांनी मान हलवली. “आम्हाला वाटलंच. आम्ही रात्रभर विचार केला, सूनबाई. चूक कुणाचीच नाही. ती शाळाच या घराच्या वेळेची नाही. गल्लीत महिला मंडळाचा शिवणवर्ग आहे, दुपारी एक ते चार. पद्मजाला तिथे घालू. शिवण शिकेल. मराठी वाचन आम्ही घेऊ, मोडीही शिकवू. लक्ष्मीकांतला पुढच्या वर्षी मुलांच्या दुपारच्या शाळेत. म्हणजे सगळ्यांना नऊला निवांत गरम न्याहारी मिळेल. पोरीचे हाल आम्हाला बघवत नाहीत.” त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर ते पद्मजाकडे पाहून हसले. “काय, मोडी शिकणार ना आमच्याकडे?”

“हो, आजोबा,” पद्मजा म्हणाली. तिला दुसरं काय म्हणता येणार होतं?

द्वारकाबाईंच्या हातातली वात अर्धवट वळलेली राहिली. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

भानुमतीनं अजून चपला काढल्या नव्हत्या. तिचा आवाज चढला नाही. उद्या वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तशी ती म्हणाली,

“पद्मा शिवणवर्गाला जाणार नाही. शाळेतच जाईल. उद्यापासून मुलं सकाळी घरात काही खाणार नाहीत. सव्वासहाला निघतील, नाक्यावरच्या दुकानात पोहे खातील आणि शाळेत जातील. दुकानदाराला मी सांगून आलेय.”

“बाजारात?” द्वारकाबाई म्हणाल्या. “बोरगावकरांची मुलगी टांगेवाल्यांत उभी राहून खाणार? तू घरात असताना?”

“हो, माई. अप्पासाहेब, तुम्ही पाचला उठू नका, ताप उतरेपर्यंत अंघोळही नको. तुमचं ताट पूर्वीसारखं नऊला वाढीन. सहाला मी सिगडी पेटवणार नाही.”